कोळशाचं रान

चहाचा शेवटचा घोट मावशींनी कधी प्यायला नाही. कप तिरका करायच्या, तो घोट पायाजवळ जमिनीवर ओतायच्या आणि मान खाली घालून बघत बसायच्या. त्यांच्या रानात तो चहा डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब व्हायचा. मग रिकामा कप माझ्या हातात देत म्हणायच्या, "पळालं!"

मला आधी वाटलं, काहीतरी देवाधर्माचं असेल. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. तीन-चार वेळा झाल्यावर विचारलं, तर हसल्या. "देवाचं काय त्यात? रान पाणी धरतंय का बगते. नाय धरत." आणि वर माझ्या थर्मासकडे बोट दाखवून, "तुमचा चहाबी पातळच असतो म्हणा."

शेंद्र्याच्या अलीकडे त्यांचं दोन एकर रान होतं. नुसता मुरूम. वर माती म्हणून बोटभर, तीही जोराचा पाऊस आला की ओढ्यात. घर धनगराचं. नवरा गेल्यापासून चाळीसेक मेंढ्या मावशीच राखायच्या. एकुलता मुलगा जवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. त्याला हे रान प्लॉटिंगवाल्याला देऊन मोकळं व्हायचं होतं. वाईट नव्हता तो. बारा-बारा तास उभं राहून घरी आल्यावर मुरमात बाजरी पेरायची हौस कुणाला असणार?

आणि मी? शहरातल्या एका संस्थेत नोकरीला होतो. राहायला मुकुंदवाडीत. शहराला तेव्हा आम्ही अजून औरंगाबादच म्हणायचो. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. शेतीशी संबंध एवढाच, की आजोबांनी जन्मभर लोकांचे सातबारे लिहिले. संस्थेला बायोचारचं एक काम मिळालं होतं. गोष्ट साधी होती. कापूस वेचून झाला की शेतकरी त्याची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवून देतात, सगळा धूर. तसं न करता खड्ड्यात, बेताच्या हवेत जाळून त्यांचा कोळसा करायचा आणि तो जमिनीत घालायचा. पऱ्हाटीनं हवेतून घेतलेला कार्बन शेकडो वर्षं मातीत राहतो, कोळसा पाणी धरतो, मेलेली जमीन हळूहळू सुधारते. शिवाय साठवलेल्या कार्बनचे पैसे देणारी एक परदेशी कंपनी होती आणि त्या कंपनीचं एक ॲप होतं. त्या ॲपनं माझी तीन वर्षं खाल्ली.

लिंबाखाली बैठक घेतली. मी तासभर बोललो. शेवटी मावशींनी विचारलं, "म्हंजी कोळसा पुरायचा?"

"हो."

"मेल्यावर माणूस पुरतेत, भाऊ. कोळसा पुरायला तुम्ही एवढं शिकला व्हय?"

सगळी बैठक हसली. माझं डोकं फिरलं होतं, पण उठून जाता येईना. सगळे गेल्यावर मावशी एकट्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "किती सालं लागतेल?"

"तीन तरी."

"मग जमतंय. पोराकडून म्या तीनच सालं मागून घेतलीत. तिसऱ्या साली रान पिकलं तर ठेवायचं, नाय पिकलं तर इकायचं. बोली झाली आमची."

एवढा जीव का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सासऱ्यापासून आमच्या मेंढ्या दुसऱ्याच्या रानात बसल्या. पार सिल्लोडपस्तोर. बसवायच्या, लेंडीखत पडायचं, त्यांची रानं पिकायची, आमी पायलीभर दाणं घेऊन पुढं. सासऱ्यानं मरताना हे घेतलं. एकडाव मेंढ्या आपल्या रानात बसवायच्या न आपलं पीक बगायचं. बास."

पहिल्या हिवाळ्यात खड्डा खणला. पऱ्हाट्यांचा थर पेटवायचा, वर पांढरी राख दिसायला लागली की दुसरा थर टाकायचा. खड्डा भरला की पाण्यानं विझवायचं. इथंच पहिली गोची झाली. लागोपाठचा दुष्काळ, गावाला टँकर, एका घराला दोन ड्रम पाणी, आणि मी आगीवर पाणी ओता म्हणतोय. बायका कळशा घेऊन अंगावर आल्या. एक म्हणाली, "तुमच्या मुकुंदवाडीचं आणा न पाणी!"

मावशींनी फावडं घेतलं आणि खड्ड्यावर माती ओढायला लागल्या. दोन दिवस दाबून ठेवलं. उघडलं तर कोळसा झकास, वाजवला तर काचेसारखा आवाज. मी खुशीत फोटो काढले, ॲपवर चढवले. दोन दिवसांनी उत्तर आलं: पाण्यानं विझवल्याचा व्हिडिओ नाही, सबब ही खेप अमान्य. मी फोन केले, मेल लिहिले. दुष्काळ म्हणजे काय हे इंग्रजीत समजावून सांगण्यात माझा एक आठवडा गेला. शेवटी एका तांब्यातलं पाणी शिंपडून व्हिडिओ काढला, तो लगेच मान्य झाला. आता बोला.

पण खरी चूक पुढची, आणि ती माझी. ॲपची नाही, कंपनीची नाही. मी मावशींना सांगितलं, कोळसा थेट रानात टाका आणि पेरा. माझ्या छापील पुस्तिकेत तसंच होतं. एका एकरात टाकला. बाजरी उगवली आणि वीतभर होऊन पिवळी पडली. बाकीच्या एकरात, जिथं काहीच टाकलं नव्हतं, तिथली बाजरी त्यापेक्षा बरी होती. मुलगा बांधावर उभा राहून म्हणाला, "सर, एक वर्ष गेलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

मावशींनी पिवळं ताट उपटलं, मुळाला चिकटलेला कोळसा बोटानं चुरडला. "उपाशी हाय हा. उपाशी पाव्हण्याला घरात घेतलं तर आधी आपल्याच ताटातलं खाईल. ह्याला जेवू घालून मग रानात न्यायचा."

नंतर मी शोधून वाचलं. तंतोतंत खरं होतं. कोरा कोळसा जमिनीतलंच खत आधी शोषून घेतो. मला पगार होता, त्यांना नव्हता.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सगळा कोळसा वाघुरीत पसरला. वाघूर म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळं. महिनाभर मेंढ्या त्या कोळशावर बसल्या, उठल्या, मुतल्या, त्यांनी तो तुडवला. खुरांखाली कोळशाचा भुगा झाला, लेंड्यांत मुरला. जवळचा पाझर तलाव आटला होता, तिथला गाळही त्यांनी ट्रॉल्यांनी आणून त्यात मिसळला आणि मग सगळं एका एकरात वीतभर जाड पसरलं. इतकी चोख पद्धत कुठल्या पुस्तिकेत मी पाहिली नव्हती. मी इतका खूश, की हे सगळं जसंच्या तसं अहवालात लिहून टाकलं. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

तपासणीला कंपनीचा एक माणूस आला. पांढरे बूट. वाघुरीजवळ येऊन नाकाला रुमाल लावला. म्हणाला, कोळसा कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, तोलून थेट जमिनीत गेलेला पाहिजे. यात लेंड्या आहेत, गाळ आहे, वजन कसं धरायचं? हे शेत यादीतून काढावं लागेल.

मावशींनी मला विचारलं, "काय म्हणतोय?"

"मेंढ्या मुतल्या म्हणून चालणार नाही म्हणतोय."

"त्याला म्हणावं, पुढच्या बारीला त्यांना पुसून घेते."

मी हसलो नाही. पांढऱ्या बुटांशी भांडलो, आमच्या साहेबांशी भांडलो, राजीनामा देईन म्हणालो आणि दिला नाही. शेत यादीतून गेलं. वर्षअखेरीला संस्थेचा अहवाल छापून आला, तर मुखपृष्ठावर मावशी! हातात कोळसा, मागे बाजरी. पिवळ्या वर्षातला फोटो होता तो. छपाईत बाजरी हिरवी करून घेतली होती. मी तो त्यांना दाखवला नाही. दाखवायची लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर आला, पेरण्या झाल्या आणि पोळ्याच्या आधी जो गडप झाला तो झालाच. आसपासची बाजरी दुपारी माना टाकायची, मग सकाळीही टाकायला लागली. मावशींच्या त्या एका एकरातली उभी होती. आठ दिवस गेले, दहा गेले, उभीच. गाळामुळे की कोळशामुळे, असं मी म्हणायला लागलो, तर मला दटावलं, "त्या दोघांत कामून भांडणं लावता? नांदतेत न गुण्यानं?"

त्या दिवशी चहा झाला. शेवटचा घोट त्यांनी ओतला. तो जमिनीवर थोडा थांबला, मग हळूहळू आत गेला आणि तिथं ओला डाग राहिला. मावशी डागाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबलं, भाऊ." डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. बाजरीची कणसं भरली. काढणीनंतर त्यांनी मेंढ्या त्याच रानात बसवल्या, मला मुद्दाम बोलावून दाखवल्या. मला त्या दिवशी वाटलं, चला, आपल्या हातून एक तरी काम झालं.

मुलानं शब्द पाळला. इकायचं नाही म्हणाला. पण तोवर शहर तिथं येऊन ठेपलं होतं. डावीकडचं रान गेलं, उजवीकडचं गेलं, ओढ्याकडचं गेलं. ज्यानं त्यानं घेतल्या घेतल्या कंपाउंड घातलं. मावशींच्या रानात जायची पांदण त्या भिंतींच्या आत गेली. माणूस जाईल एवढी एक फट राहिली होती. चाळीस मेंढ्या त्यातून कशा जाणार? बैल नाही, ट्रॅक्टर नाही. सगळ्या मुलखात रान पिकवायची अक्कल असलेली ही बाई, आणि तिला स्वतःच्या रानात जायला वाट नाही.

मी म्हटलं, हे माझं काम. कागदांत माझ्या तीन पिढ्या गेल्यात. जुना नकाशा काढला, त्यात पांदण स्पष्ट होती. अर्ज केला. या कार्यालयातून त्या कार्यालयात गेलो. एक म्हणाला मोजणी आणा, दुसरा म्हणाला मोजणीला शेजाऱ्यांची हजेरी पाहिजे. शेजारी कोण? नुसत्या भिंती! मालक कुठं पुण्यात, कुठं परदेशात. वर्षभर चपला झिजवल्या. एक दिवस मावशी स्वतः मला म्हणाल्या, "राहू द्या आता. तुमचं तोंड उतरलंय." मुलानं मला बाजूला घेतलं. "सर, पिकतंय हे मान्य. पण पिकवायचं कसं, तुम्हीच सांगा." मला वेड लागायची पाळी आली होती.

रान गेलं. नव्या मालकाला पाया भरायचा होता आणि वरची काळी माती बागांसाठी विकली जाते हे त्याला बरोबर माहीत होतं. मला कळलं तेव्हा जेसीबी लागला होता. मी तसाच गेलो. भिंत एका बाजूनं पाडलेली. ट्रॅक्टर जायला मात्र ऐसपैस वाट झाली होती. मावशी जेसीबीच्या पुढं उभ्या. मला वाटलं, अडवतायत. मी धावलो.

त्या अडवत नव्हत्या. ड्रायव्हरला हात करून ओरडत होत्या, "अय दादा! त्या कोपऱ्यात आजून वीतभर हाय. खाली घे, खाली! मुरूम लागंस्तोर घे."

मी भडकलो. "मावशी, तुमची माती नेतायत आणि तुम्हीच त्याला दाखवताय?"

"मंग काय शिमिटाखाली मरू द्यू?" पहिल्यांदाच माझ्यावर ओरडल्या. "कुणाच्या का दारात जाईना, झाड तरी लागंल. हिला उपाशी नाय ठेवलं म्या!"

ड्रायव्हरनं ऐकलं नाही. त्याची वेळ ठरलेली होती. कोपरा तसाच सोडून तो निघाला. ट्रॅक्टरची ट्रॉली अजून उभी होती, तर मावशींनी घमेलं घेतलं आणि हातानं कोपरा उकरायला बसल्या. मीही बसलो. काय करतोय ते मलाही कळत नव्हतं. घमेलं भरायचं, ट्रॉलीत टाकायचं. ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा शिवी दिली आणि गेला.

मावशींच्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भिंत, समोर नवा डांबरी रस्ता. मेंढ्या आदल्याच आठवड्यात विकल्या होत्या. राहायला मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत.

"बगते कुठं जागा हाय का," म्हणाल्या आणि भिंतीच्या कडेनं चालायला लागल्या.

मी बरोबर जायला हवं होतं. गेलो नाही. इतका संताप झाला होता, की मोटारसायकलला किक मारली आणि सरळ घरी आलो. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. त्या घमेल्यातली माती त्यांनी कुठं टाकली, मला माहीत नाही.