मशीनला शिकवणाऱ्या बायका

मला सांगायला लावतात नि मग म्हणतात, म्हातारा फार बोलतो. शाळा चौथीपर्यंत. पण काजूच्या कारखान्यात भट्टी सांभाळत जन्म गेला, सगळे आबा म्हणतात. किस्से कारखान्यामागच्या टरफलांसारखे साचलेत, उचलत कोणीच नाही. तर ऐका.

*

गर निवडायला चौदा बायका. त्यांची म्होरकी सुशीला, तारकर्लीच्या रापणकारांची, किनाऱ्यावरून दोरीने जाळं ओढणाऱ्यांची मुलगी. एकदा शेटने गंमत म्हणून तिच्या सुपात जुना माल मिसळला. गप्पा मारता मारता तिने तो वेगळा काढला नि शेटच्या टेबलावर ठेवला. "शेट, हो चायबरोबर तुमीच खावा."

*

मग कॅमेऱ्याची मशीन आली. तिला शिकवायला पुण्याचा इंजिनिअर पराग. दोन महिने तो एकेक गर दाखवायचा, सुशीला सांगायची डागी की पांढरा. अडली तर बाजूच्या शेवंतीला, तिलाही न कळलं तर पुढच्या बायकांना विचारायची. शेवंती कानात म्हणाली, "उलटा सांग गो, मशीन बंद पडात."

"माझ्या तोंडातून मालाबद्दल खोटा येवचा नाय."

अशी ती बाई. मशीन पक्की शिकली नि तेरा बायका घरी गेल्या. मशीनवर लक्ष ठेवायला सुशीला तेवढी राहिली.

*

एक दिवस मशीन सगळाच माल करपलेला म्हणून फेकू लागली. पराग सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "हा म्हातारा भट्टीत माल जाळतो, त्याला घरी बसवा." सुशीलाने मशीनचं झाकण उघडलं. भट्टीच्या तेलकट धुराने कॅमेऱ्याची काच पिवळी झालेली. तिने ती पदराने पुसली.

"मोतीबिंदू मशीनीक झालो. आबांची भट्टी बरी आसा."

*

त्याच दिवशी शेटने तिचा पगार वाढवला. तिने घेतला नाही. म्हणाली, "रापणीत जाळ्याचो वाटो जाळेवाल्याचो. पण दोरी ओढणाऱ्यांचो वाटो तो घेणा नाय. ह्या मशीनीक शिकवलंव आमी चौदा जणींनी."

शेट हसला. म्हणाला, इथे कुठली दोरी? सुशीला त्याच पावली घरी गेली.

*

नवा हंगाम आला. झाडांवर कसलासा रोग पडलेला, गरांवर कधी न पाहिलेले डाग. मशीन गोंधळली. शेटने सुशीलाला बोलावलं. ती आली, पण बाकीच्या तेराही जणींना घेऊन, नि सगळ्या ओळीने खाली बसल्या. परागने एक गर पुढे केला. "ताई, हा कुठला?"

सुशीलाने गर बघितला नि शेवंतीच्या हातात दिला. शेवंतीने पुढचीच्या. चौदा हातांतून फिरून तो शेटच्या हातात आला. एकीनेही तोंड उघडलं नाही.

शेटने गर उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खुर्ची सरकवून त्या बायकांसमोर खाली बसला.

"सांग सुशीला, वाटो कसो घालूचो?"

तिने सांगितला तसा वाटा आज चौदा घरांत जातो. शेटसुद्धा 'कुठली दोरी' हा आपला शब्द मागे घेऊन खाली बसला. माझ्या भट्टीबद्दल बोललेला शब्द मागे घ्यायचा राहिलाय तो एकच माणूस. पराग.