वस्तीवरची डीपी आणि आण्णांचं मशीन

आण्णा, म्हणजे माझे वडील, बावीस वर्षं खडी क्रशरवर होते. शेती दीड एकर, तीही मुरमाड. विहिरीला पाणी कसंबसं माघापर्यंत. म्हणून ते सकाळी भाकरी बांधून सायकलवर क्रशरला जायचे आणि संध्याकाळी पांढरे होऊन यायचे. भुवया, कानातले केस, शर्टाचा खिसा, सगळं पांढरं. आई त्यांना दारातच उभं करून तांब्याने पाणी ओतायची, मग घरात घ्यायची. तोंडाला बांधायला मालकाने कधी काही दिलं नाही. आण्णा उपरणं बांधायचे आणि दम कोंडतो म्हणून तासाभरात सोडायचे.

त्या खडीचे रस्ते झाले आणि त्याच रस्त्याने मी एसटीने कॉलेजला गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. हे मी जरा मोठ्याने सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या सुमारास आण्णांना विहिरीच्या चार पायऱ्या चढवेनात. नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "यांच्या फुफ्फुसात दगडाची धूळ बसलीय. ती निघत नाही." औषध नव्हतं. दिवसातले सोळा तास नाकाला ऑक्सिजनची नळी लावायची, एवढाच उपाय. त्यासाठी आम्ही मशीन आणलं. लहान कपाटाएवढं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने देणारं. ते दिवसभर घरघरायचं. आईला आधी त्या आवाजाचा त्रास व्हायचा, नंतर आवाज थांबला की व्हायचा.

मशीन विजेवर चालतं, आणि आम्ही वस्तीवर राहतो. तिसगावचा बाजार आम्हाला जवळ, पण गावठाणाची लाईट वेगळी आणि शेताची वेगळी. वस्तीवरची घरं शेताच्या लाईनवर; घरापुरती सिंगल फेज दिवसभर असते, मोटरींची थ्री फेज ठरावीक तासच, कधी रात्री. आमच्या वाट्याला एक डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर अकरा विहिरींच्या मोटरी आणि सात घरं. डीपी जळाली की दुसरी यायला आठवडा लागतो, कधी जास्त.

पहिल्यांदा जळाली ती गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत. मी तेव्हा नगरला एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले होते. शेजारचे तात्या, ज्यांची विहीर आमच्या बांधाला लागून आहे, त्यांनी आण्णांना आणि मशीनला बैलगाडीत घालून गावात नेलं. लाईट होती आणि जागाही होती अशी एकच जागा मिळाली, पिठाची गिरणी. गिरणीवाला भला माणूस. त्याने चक्की बंद ठेवली आणि आण्णांना पोत्यांवर बसवलं. पण दळण घेऊन आलेल्या बायका डबे ठेवून उभ्या राहिल्या.

"का वं, चक्की का बंद?"

"पाव्हणं हवा घेतात."

"आन आमी भाकरी कशाच्या करायच्या, हवेच्या?"

त्या हसल्या. आण्णांनी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच चक्की सुरू करायला लावली. ज्या माणसाची फुफ्फुसं धुळीने गेली तो पिठाच्या धुळीत नळी लावून बसला. मी पोचले तेव्हा ते पुन्हा पांढरे झाले होते. आई पदर तोंडाला लावून कोपऱ्यात बसली होती.

घरी आल्यावर आण्णांनी मला जवळ बोलावलं. तीन-तीन शब्दांवर थांबत बोलले, "पोरी, मरायचं तर माज्या घरात. गिरणीत न्हाई. पुन्ना मला हितून हलवायचं न्हाई."

मी शब्द दिला. फिजिक्सची पदवी होती ना.

मग मी हिशेब मांडला. मशीनला किती वॅट लागतात, बॅटरी किती वेळ पुरते, इन्व्हर्टरमध्ये किती वाया जातं. दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या तर सात तास. शिवाय एक मोठं ऑक्सिजनचं सिलिंडर, आण्णांना मिनिटाला दोन लिटर लागायचे त्या मानाने दोन दिवसांच्या वर पुरणारं. सिलिंडरजवळ विस्तव नको म्हणून चूल पडवीतून गोठ्याच्या कडेला नेली. देवाजवळची समईही बंद केली. त्यावर आई चिडली. "देवाला अंधारात ठिवनार व्हय तू, शिकून?" शेवटी सेलवरचा दिवा आणला. तो तिने देवासमोर ठेवला, पण त्याला हात कधी जोडले नाहीत.

इन्व्हर्टरवर मी पुठ्ठा चिकटवला: फक्त मशीन. त्या दिवशी मी फार खूश होते. घराची सगळी तयारी झाली, असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात एका रात्री उशिरा वळवाचं वारं आलं आणि माळावरचे खांब आडवे झाले. टॉवर बंद, त्यामुळे फोन नाही. दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी वस्तीवर पोचले. पडवीत माणसं बसलेली. इन्व्हर्टरमधून एक बोर्ड बाहेर काढलेला आणि त्याला मोबाईल लटकलेले. खाली फवारणीचे तीन बॅटरी पंप ओळीने चार्जिंगला. एका बाजूला आमचाच मिक्सर, त्यात कोणाची तरी शेंगदाण्याची चटणी.

"आल्या मास्तरीणबाई," तात्या म्हणाले. "तुजी बॅटरी लई भारी हाय. समद्या वस्तीला पुरली."

मी आत गेले. मशीनचा आवाज नव्हता. बॅटऱ्या मरून दोन तास झाले होते. आण्णा खाटेवर दोन्ही हात टेकून पुढे वाकले होते, ओठ निळे, प्रत्येक श्वासाला खांदे वर. आई त्यांना सुपाने वारा घालत होती.

"सिलिंडर का नाही लावलं?"

"मला भ्या वाटलं. फुटंल म्हनून."

किल्ली भिंतीला खिळ्यावर होती. मी ती लावून फिरवली, हवा सुटली, नळी लावली. अर्ध्या तासाने आण्णांच्या ओठांचा रंग बदलला. मग मी आईवर ओरडले. पुठ्ठा वाचता येत नाही का, असं म्हणाले. आईला वाचता येत नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी तोंडाने ते बोलले.

आण्णांनी हात वर केला. "तिला नगं बोलू. मीच म्हनलं लावा. शेजाऱ्याला न्हाई कसं म्हनायचं? गाडीत घालून त्यानीच नेल्तं मला."

खरं तर चूक माझी होती. हिशेब मी केला, पण किल्ली आईच्या हातात कधी दिली नाही. आणि आमच्याकडे एका घरात लाईट असली की ती सगळ्यांची असते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

दोन दिवस सिलिंडरचा काटा बघत गेले. तात्या दर तासाला दारात यायचे, आत यायचे नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी खांब उभे राहिले. सिलिंडरमध्ये फार तर पाच-सहा तास उरले होते. वायरमन लांबून ओरडला, "सोडतो बरं का लाईट!" आईने मशीनच्या बटणावर बोट ठेवलं.

लाईट आली. मशीन घरघरलं. आणि त्याच क्षणी आजूबाजूच्या विहिरींवरून खट्, खट्, खट् आवाज आले.

आमच्याकडे प्रत्येक मोटरीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. अकरा मोटरी एकदम सुरू झाल्या. सुरू होताना मोटर कितीतरी पट जास्त वीज ओढते, हे मी मुलांना फळ्यावर शिकवते. डीपीतला फ्यूज जायला हवा होता, पण तिथे कोणीतरी जाड तार बांधलेली होती. एक मोठा आवाज झाला, तेल खाली सांडलं, काळा धूर. मशीन एक मिनिटसुद्धा चाललं नसेल.

आण्णा म्हणाले, "पयली तात्याची मोटर. आवाज वळकतो मी."

तात्या दारातच होते. ते तसेच गावाकडे निघाले. टेम्पो घेऊन आले, उरलेलं सिलिंडर आण्णांच्या उशाला बांधलं आणि नगरपर्यंत मागे हौद्यात ते धरून बसले. मी दिलेला शब्द मोडला होता. आण्णांना घरातून हलवावं लागलं.

अकरा दिवसांनी ते परत आले, ते कमी होऊन. आधी नळी काढून लिंबाच्या झाडापर्यंत जायचे. आता दारापर्यंतही नाही. मिनिटाला दोनच्या जागी तीन लिटर लागायला लागले.

नवी डीपी बसली म्हणूनच त्यांना आणलं होतं, आणि त्याच सकाळी मी सगळ्यांना खांबाखाली बोलावलं. म्हणाले, ऑटो काढा.

गलका झाला. "राती दोनला लाईट येती, तू येतीस का मोटर चालू कराया?" "उसात बिबट्या हाय, बाई. तुज्या पुस्तकात न्हाई बिबट्या?" हसले सगळे. पण ते खोटं बोलत नव्हते. मागच्याच हिवाळ्यात बिबट्याने पलीकडच्या वस्तीवरून वासरू नेलं होतं.

मी चिडून घरी आले. आण्णांनी विचारलं, काय झालं? सांगितलं. ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "ऑटो काडू नगं. मी गेल्तो राती विहिरीवर, ऑटो नव्हता तवा. तुला ठावं न्हाई ते. दुसरं काय तरी बघ."

मी तशीच आमच्या विहिरीवर गेले आणि ऑटोचं झाकण उघडलं. आत एक बारीक गोल खुंटी, भोवती आकडे. लाईट आल्यावर मोटर किती वेळाने सुरू करायची, त्याची खुंटी. ती शून्यावर होती. तात्यांचा ऑटो उघडला, शून्य. आपलं पाणी आधी निघावं म्हणून अकराही जणांनी ती शून्यावर ठेवली होती.

वायरमनला दाखवलं. तो हसला. "मॅडम, ही खुंटी कुनी फिरवत नसतं."

"मी फिरवते. तुम्ही तेवढा फ्यूज नीट बांधा."

तात्या स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याबरोबर अकरा विहिरी फिरले. एका मोटरीला एक मिनिट, पुढचीला दोन, तिच्या पुढचीला तीन. दोन ऑटो जुने होते, खुंटी नव्हती, ते बदलायला लावले. कोणी कुरकुर केली की तात्या म्हणायचे, "माजी समद्यात शेवटची हाय, अकरावी. तुज्यात काय सोनं पिकतंय का?" मग तो स्वतःच झाकण उघडून द्यायचा.

घरातही नव्याने मांडणी केली. छपरावर दोन सोलर पॅनल, दिवसा मशीन चालवायला आणि बॅटऱ्या भरायला. रात्रीसाठी एकाऐवजी दोन सिलिंडर. शेजाऱ्याला नाही म्हणायला मी आईला शिकवू शकले नाही, आणि आता शिकवायचंही नव्हतं. म्हणून पडवीत त्यांच्यासाठी एक छोटं पॅनल वेगळं बसवलं, बॅटरी वेगळी, बोर्ड वेगळा. आणि दर रविवारी मी आईला सिलिंडरची किल्ली फिरवायला लावली. पहिले काही रविवार तिने डोळे मिटून फिरवली.

या मेमध्ये पुन्हा खांब पडले. सहा दिवस लाईट नव्हती. पहिले दोन दिवस मी नगरलाच अडकले होते, घरी आई एकटी होती. पोचले तेव्हा मशीन चालू होतं. एक रिकामं झालेलं सिलिंडर तिने बाजूला करून त्यावर खडूने फुली मारून ठेवली होती. पडवीतल्या बोर्डाला मोबाईल आणि फवारणीचे पंप लागलेले होते.

सातव्या दिवशी लाईट आली. मिनिटभर काही नाही. मग एक मोटर. मग दुसरी. आण्णा खाटेवर पडून बोटांवर मोजत होते. दहा बोटं संपली आणि अकरावी, तात्यांची, सुरू झाली. डीपी टिकली, मशीन थांबलं नाही, आणि आण्णांना घरातून हलवावं लागलं नाही.