रस्त्यात ओळख द्यायची नाही

कुणाच्याही केसांना हात लावला, की ती आधी एक बट अंगठा आणि बोटात धरून चोळायची आणि कान जवळ नेऊन ऐकायची. मग म्हणायची, "जमंल. पण जोडल्यावर ओढू नका." मी जन्मभर गुलमंडीच्या बाजारात कापड विकलं. कापडाचा पोत मीही असाच चोळून बघायचो. त्यामुळं पहिल्याच दिवशी ही बाई मला आपल्या धंद्यातली वाटली.

माझं दुकान थकलं, मीही थकलो. सूनबाईनं तिथं पार्लर काढलं. कपाटांच्या जागी आरसे आले आणि मला पडद्याबाहेर एक बाकडं मिळालं. "आबा, बायकांचं दुकान आहे. रस्त्यानं जाणाऱ्यांना 'या, बसा' म्हणत जाऊ नका," सून सांगायची. मी तरी म्हणायचोच.

आजूबाजूला पार्लरं पुष्कळ. आपल्याकडं काही वेगळं असावं म्हणून सुनेनं केस जोडणारी ही बाई आणली. मूळची पिशोर गावची. तिची आई गावोगाव फिरून गुंतवळ, म्हणजे विंचरताना गळालेले केस, घ्यायची आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. त्या फिरण्यातच पोरीला केसांची पारख आली. आपल्या आयाबाया गंगावन लावायच्या ते चारचौघांना कळायचं. हिचं काम असं, की आरशालाही पत्ता लागू नये.

एकदा आम्ही दोघं सोबतच बाजारातून येत होतो. समोरून परवाचीच एक गिऱ्हाईक आली. दोघी एकमेकींच्या शेजारून गेल्या, पण बघितलंसुद्धा नाही.

"अगं, नमस्कार तरी करायचा," मी म्हणालो.

"नाय आबा. मी वळख दिली की सोबतची इचारणार, ही कोण? मग त्या बिचारीनं काय सांगायचं?"

"अशानं धंदा होतो व्हय?"

"माझा असाच व्हतो."

मला काही ते पटलं नाही. मी गिऱ्हाईक दिसलं की रस्ता ओलांडून जाणारा माणूस.

मग ती दुपार आली. माझी एक जुनी गिऱ्हाईक रस्त्यानं जाताना थांबली. "काय शेठ, सुनेचं दुकान चालतं का?"

"चालतं म्हणजे! केस जोडायला खास बाई ठेवलीय आम्ही. आत्ता आत एक नवरी बसलीय. टायफॉइडनं केस पार गळालेले, आता कमरेएवढा शेपटा घेऊन बाहेर येईल. थांबा, बघूनच जा."

त्या थांबल्या. मी सरकून बाकड्यावर जागा दिली. थोड्या वेळानं पडदा हलला, मुलगी आईसोबत बाहेर आली आणि बाकड्याकडं बघून जागीच उभी राहिली. माझी ती जुनी गिऱ्हाईक तिच्या होणाऱ्या नवऱ्याची मावशी होती.

सोयरीक मोडली. मुलीचे वडील पार्लरमध्ये येऊन ओरडले, "तुमच्या बाईनंच बोंब मारली! नाहीतर ती मावशी नेमकी दारात कशी?" सुनेनं बाईला विचारलं, "ताई, तुम्ही बोललात?"

"नाय," ती म्हणाली आणि तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. त्या पडद्यातून आतलं बाहेर ऐकू यायचं, तसं बाहेरचं आतही जायचं. तिला सगळं ठाऊक होतं. मी चष्मा पुसत बसलो.

"उद्यापासून येऊ नका," सून म्हणाली.

तिनं फण्या आवरल्या. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "आबा, येते. उन्हाचं बाकडं आत घेत जा."

मी गप्प का बसलो? मोठं कारण नाही. त्या दुकानात माझं आता एक बाकडंच उरलं होतं. तेही जाईल, असं वाटलं.

मुलीचं पुढं दुसरीकडं जमलं. बाईला मात्र शहरात कुणी उभं केलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं तुम्हीही कुठं ऐकलं असेल. ते खोटं आहे. बोललो मी.

गेल्या आठवड्यात सुनेला सांगितलं. तिनं हातातला कंगवा खाली ठेवला. मग म्हणाली, "आबा, तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं हो."

बाजाराच्या दिवशी पिशोरला गेलो. एका कडेला स्टीलची पातेली मांडून ती बसली होती, आईसारखीच. समोर बायकांची गर्दी. मी पुढं झालो, हात जोडले. "बाई, ओळखलंस ना? चूक माझी होती. इथं सगळ्यांसमोर सांगायला आलोय."

तिनं वर बघितलं. तिचे डोळे माझ्या जोडलेल्या हातांवर थोडे थांबले, मग बाजूला गेले.

"कोण गं म्हातारा?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"ठावं नाय, मावशे," ती म्हणाली. "चुकून आलं असंल कुणी."

आणि पुढच्या बाईच्या हातातलं गुंतवळ घेऊन, अंगठा आणि बोटात चोळत, तिनं कानाजवळ नेलं.