जाळीखालची मोकळी जागा

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हे आळेफाट्याला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले होते, मेडिकलच्या पायरीवर बसले आणि तिथंच गेले. मी तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत ठेवली, गॅस बंद केला आणि मगच बाहेर आले. लोक म्हणाले, बाईनं डोळ्यातून टिपूस काढलं नाही. नाहीच काढलं. येतच नव्हतं, तर काय करू?

हे जन्मभर वायरमन. सगळे त्यांना नाना म्हणायचे. रिटायर झाल्यावर राजुरीच्या घरामागं त्यांनी डोंगरातली करवंदं आणून लावली. बिबट्याच्या भीतीनं अख्खं गाव घराजवळची झुडपं तोडतंय, आणि आमचं ध्यान काटे लावतंय! मी लई बोलले. तर म्हणाले, “आगं, नोकरीत खांबावरची किती घरटी काढून फेकली मी. आता दोन-चार ऱ्हाऊ दे की आपल्याकडं.” करवंदाची जाळी वाढली, बुलबुल आले, शिंपी पक्षी आले. मे महिन्यात हे खुर्ची टाकून बसायचे आणि मला जोरात भांडी घासू द्यायचे नाहीत... पिल्लं दचकतात म्हणे!

मग शेजारच्या सुमनवहिनींची शेळी वाघानं गोठ्यातून ओढून नेली. इकडं बिबट्याला वाघच म्हणतात. वहिनी तणतणत आल्या. “नाना, तुमची पाखरं ऱ्हातील, पन माजी नात अंगणात खेळती. जाळी काढा.” त्यांचं काय चुकलं? माझाही जीव दडपला होता. हे रात्रभर जागे होते. सकाळी द्राक्षाच्या छाटणीची कात्री घेऊन पोटावर झोपले आणि जाळीच्या खालच्या फांद्या गुडघाभर उंचीपर्यंत कापून काढल्या. वर गच्च, खाली सगळं मोकळं. “वयनी, वाकून बघा. मांजर बसलं तरी दिसंल.” वहिनींनी वाकून पाहिलं, आणि जाळी राहिली. पण करवंदाची फांदी पुन्हा जमिनीकडंच झुकते. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी हे खाली शिरायचे, बाहेर यायचे ते चिकानं आणि ओरखड्यांनी माखून. माझी बडबड चालूच.

हे गेल्यावर दहावा झाला, पाहुणे गेले, पाऊस लागला. मी जेवत होते, झोपत होते, विचारलं तर बोलत होते... आत काहीच हलत नव्हतं. मागच्या दारी मी जातच नव्हते. एका सकाळी वहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. फांद्या पार मातीला टेकल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आता कसं करायचं, वयनी? लई भ्या वाटतंय वो.”

चाकणहून मुलगा आला, गवत कापायचं मशीन घेऊन. “आई, मुळापासून काढतो. तू इथं एकटी असतेस.” त्याचंही खरंच होतं. मी हो म्हणणार होते. मशीन सुरू झालं आणि जाळीतून बुलबुल असा काही ओरडत उठला, की माझ्या तोंडून निघालं, “थांब रे! बंद कर ते.”

कात्री घेतली, पदर खोचला आणि या वयात जाळीखाली आडवी झाले. मुलगा म्हणाला, “आई, ऊठ, मी करतो.” मी ऐकलं नाही. काटे केसांत अडकत होते, कोपरं सोलली. कापत कापत पलीकडच्या कडेला पोचले तर समोर सुमनवहिनी, चिखलात गुडघे टेकून, वाकून बघत होत्या.

“दिसताय तुमी,” त्या म्हणाल्या. “ऱ्हाऊ द्या मग. पन सारखं करावं लागतंय हे. जमंल का तुमाला?”

“जमंल. पंधरा दिवसांनी परत करीन. मग पुन्हा...” मी म्हणाले. आणि तेव्हा कळलं, की दर वेळी हे काम मलाच करायचं आहे. पुढच्या पावसाळ्यातही. हे आता येणार नाहीत.

मी तिथंच मातीत तोंड खुपसून रडले. वहिनींनी फांद्यांखालून हात आत घातला आणि मी बाहेर येईपर्यंत माझा हात धरून ठेवला.