भाऊजींचं घोसाळं

परदेशात पाऊल ठेवल्यावर मी पहिली मिठी मारली ती शेणखताच्या पोत्याला. भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मला विमानतळावर घ्यायला आले होते. पण वाटेत खत दिसलं आणि त्यांचा तोल गेला. डिकी भरली, मागची सीट भरली, उरलेलं पोतं माझ्या मांडीवर आलं.

"घट्ट धरा मेव्हणे, फुटलं तर गाडीला वास येईल."

गाडीला! माझ्या कोटाला तो वास असा चिकटला, की पुढे वर्षभर बसमध्ये माझ्या आजूबाजूच्या सीटा रिकाम्या राहत, आणि एका अनोळखी कुत्र्याने तर आपली माणसं सोडून माझ्याबरोबर राहायची तयारी दाखवली. ताईने लग्न इकडेच उरकलेलं, त्यामुळे भाऊजींना मी तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. फोटोला वास नसतो.

भाऊजींचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. त्यांचा हात लागलेली लिफ्ट विसाव्या मजल्यापर्यंत सुरळीत वर जाते. त्यांनी पेरलेलं मात्र काही वर येत नाही. भेंडी थंडीने गेली, टोमॅटो बुरशीने, मिरची गोगलगायींनी. गोगलगायी मारवत नाहीत म्हणून भाऊजी त्या वेचून भिंतीपलीकडे टाकत. पलीकडे एक निवृत्त बसड्रायव्हर राहतात. तेही कनवाळूच निघाले. त्या सगळ्या परत इकडे येत. शेवटी शेवटी मी त्यांतल्या एकीला चेहऱ्याने ओळखायला लागलो.

एके दिवशी ताईने कमरेवर हात ठेवले.

"यंदा शेवटचं. चौघांना एक वेळ पुरेल एवढी भाजी या अंगणातून पानात पडली, तर अंगण तुमचं. नाही तर तिथे सिमेंट आणि माझी गाडी. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून पिशव्या वाहायचा वैताग आलाय मला."

"कोथिंबीर भाजीत धरायची का?"

"नाही."

"वरून भरपूर घातली तरी?"

ताई आत निघून गेली.

भाऊजी हळूच मला म्हणाले, "दिवसभर त्या लिफ्टच्या काळोख्या खोबणीत लोंबकळत असतो हो. इथे बसलं की डोक्यावर आभाळ दिसतं. सिमेंटवर कोण बसतं?" मी उठून झाडांना पाणी घातलं. भाऊजींनी आधी घातलेलं होतंच.

बी घोसाळ्याचं आणलं. घरात सगळ्यात उबदार जागा बाथरूम, म्हणून रोपं टबात वाढली आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये डोकी धुऊन कामावर जाऊ लागलो. "बाबा, माझ्या टॉवेलला मुळं फुटलीत!" भाची आतून ओरडायची.

उन्हाळ्यात वेल बाहेर भिंतीवर चढला, पिवळी फुलं आली, आणि काय आश्चर्य, एक घोसाळं धरलं. एकच. पण कोवळं, लुसलुशीत, वीतभर.

"आजच तोडा," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "बटाटा घालून वाढवते हवं तर."

"बटाटा विकतचा. ती फसवणूक होईल," भाऊजी बाणेदारपणे म्हणाले. "एवढ्याशात चौघांचं काय होणार? काय मेव्हणे?"

मी गावाकडचा, म्हणून शेतीत माझ्या शब्दाला वजन. गावाकडे मी पोस्टात होतो. "अजून वाढू द्या," मी सांगितलं, आणि रोज सकाळी जाऊन वितीने मोजू लागलो. घोसाळं वाढलं. माझ्या दंडाहून जाड झालं, अर्थात ते फारसं अवघड नव्हतं.

अखेर एका रविवारी चौघं टेबलाभोवती जमलो. भाऊजींनी घोसाळं आणून ठेवलं. ताईने सुरी चालवली. ती अर्ध्यात अडकली. भाऊजींनी जोर लावला, मीही लावला, तेव्हा कुठे दोन तुकडे झाले. आत गर नव्हताच. नुसती जाळी.

"भाजी नाही ही," ताई म्हणाली. "अंग घासायला होईल."

"चौघांना पुरेल मात्र," भाची म्हणाली.

भाऊजींनी आशेने ताईकडे पाहिलं.

"पानात पडायला हवी होती," ताई म्हणाली.

पुढच्या शनिवारी अंगणात सिमेंट पडलं. ताईची गाडी फाटकातून आत येत नाही.