परक्या माणसाचा हात

माउस फिरवत बसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मेनू उघडायचा, खाली खाली उतरायचं, हवं ते शोधायचं, तोवर माझा दुसरा फोटो होऊन जातो. डावा हात कीबोर्डवर, उजव्या हातात टॅबलेटचं पेन, आणि मान वर करायची नाही. जे पुन्हा पुन्हा करावं लागतं ते एकदा रेकॉर्ड करून एका बटणावर टाकायचं. भवानी पेठेतल्या माझ्या खोलीत सोलापुरातल्या स्टुडिओंची लग्नं फोटो सुधारायला येऊन पडतात, ती काही माझ्या गोड बोलण्यामुळे नाही. गोड बोलणं मला जमतच नाही. घरचे म्हणतात, जेवतानाही हिच्या डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालूच असतात.

लग्नसराईत एक काम हमखास येतं. आम्ही त्याला माणूस बसवणं म्हणतो. वारलेल्या बापाला, आजीला, काकाला लग्नाच्या फोटोत उभं करायचं. घरच्यांकडे बहुतेक वेळा ओळखपत्रातला चेहराच तेवढा असतो, खाली अंग नसतं. म्हणून मी अंगांचा एक फोल्डर करून ठेवलाय. कोटातली, धोतरातली, नेहरू शर्टातली, हात जोडलेली, शाल पांघरलेली. कुणाकुणाच्या जुन्या फोटोंतून काढलेली, मुंडकी मीच उडवलेली. चेहरा आणायचा, मान जुळवायची, कातडीचा रंग मिळवायचा, सावली टाकायची. चहा निवायच्या आत माणूस उभा. याची मला लई घमेंड होती, अजूनही थोडी आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका स्टुडिओवाल्यानं दोघी मायलेकींना थेट माझ्याकडेच धाडलं. एरवी मी गिऱ्हाईक खोलीत येऊ देत नाही, पाठीमागं कुणी उभं राहिलेलं मला खपत नाही. पण बाहेर ऊन असं की दारात तरी कसं ठेवायचं? मुलीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. वडील यंत्रमागावर कामाला होते, लग्नाच्या आदल्या वर्षी वारलेले. दोघी आपसात तेलुगू बोलायच्या, माझ्याशी मराठी. लग्नातल्या एका फोटोत नवरानवरी खुर्च्यांवर बसली होती आणि मुलीच्या मागं आई उभी होती. मुलीला आईच्या शेजारी वडील हवे होते, कोट घातलेले, उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवलेले. आईवडील दोघंही आहेत असा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. हा एक फ्रेम करून तिला सासरी न्यायचा होता.

आशीर्वाद देणारं एक अंग माझ्याकडे तयारच होतं, निळ्या कोटातलं. वडिलांचा चेहरा त्यावर बसवला, मागं हॉलच्या फुलांचा पडदा होता त्याचा उजेड जुळवला, आणि मॉनिटर मायलेकींकडे वळवला. मुलगी बघतच राहिली. मग तोंडावर ओढणी धरून रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आई मात्र मॉनिटरजवळ येऊन वाकली आणि तिनं विचारलं, हा हात कुणाचा आहे. मी म्हटलं, कुणाचा का असेना मावशी, रंग असा मिळवलाय की कुणाच्या बापाला कळणार नाही. तिनं स्वतःचा उजवा हात वर केला आणि शेवटची दोन बोटं मुडपून दाखवली. ह्यांची ही दोन बोटं मशीननं नेली होती.

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! नवरीमागचा विजेचा खांब मी काढते, भिंतीवरची पानाची पिचकारी काढते, दोन बोटांचं ते काय. क्षणात काढली. बोटांच्या जागी मुलीचे केस आणि गजरा आला. मुलीनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, परत लावा. पप्पा जन्मभर तो हात खिशात नाहीतर टॉवेलाखाली लपवायचे, फोटोला उभेच राहायचे नाहीत, आता सासरच्या भिंतीवर सगळ्यांनी तेच बघायचं का? एका फोटोत तरी त्यांचा हात अख्खा असू दे की.

बटण दाबून मी केलेलं एक पाऊल मागं घेतलं, बोटं परत आली. आई म्हणाली, काढ. त्याच हातानं त्यांनी हिला घास भरवलाय. मी काढली. मुलगी म्हणाली, लावा. माझ्या डोक्यावर दोघींचं तेलुगू सुरू झालं, मला त्यातलं ओ की ठो कळेना, आणि समोर त्या माणसाची बोटं जात होती, येत होती. एक बटण दाबलं की जायची, दुसरं दाबलं की यायची. दोघींचंही मला पटत होतं, म्हणून मला कुणावर ओरडताही येईना. हात खिशात घालू का, असं मी विचारून बघितलं. मुलगी म्हणाली, मग माझ्या डोक्यावर कोण हात ठेवणार?

शेवटी आई मॉनिटरवरच्या स्वतःकडे बघत राहिली, निळ्या कोटाला तिचा खांदा लागला होता तिथं.

"मग मला काढ तिथनं," ती म्हणाली. "परक्या माणसाला खेटून मी हुबी ऱ्हाणार न्हाई."

मी मुलीकडे बघितलं. मला वाटलं, ही आता आईच्या गळ्यात पडेल, नाहीतर भांडेल तरी. तिचे डोळे लाल झाले होते.

"दोन करा, ताई," ती म्हणाली. "एकात पप्पा. एकात आई."

नाही म्हणायला मी कोण? आई त्या दिवशी खरंच तिथं उभी होती, नवी साडी नेसून, पदर सावरून. तिच्याभोवती रेघ ओढली आणि बटण दाबलं. ती उभी होती तिथं मशीननं फुलं भरली. तिचा खांदाही राहिला नाही, सावलीही नाही. माझ्याच खुर्चीला हात टेकून ती हे सगळं बघत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, झालं.