बॉल उचलायची सवय

आमच्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉल घरंगळत नाही. हसू नका, खरं सांगते. निव्वळ काळी माती. पावसाळ्यात बॉल जिथं पडला तिथंच म्हशीसारखा बसतो. उन्हाळ्यात त्याच मातीला अशा भेगा पडतात की डावीकडं ढकललेला बॉल उजवीकडं निघतो. आणि सामने नेमके पावसाळ्यातच व्हायचे. बुटांना चिखलाचे थरावर थर चढायचे, म्हणून जिला रेषेबाहेरून बॉल फेकायला मिळे ती आधी एक काडी उचलून बुटांचे तळवे खरवडून घेई. रेफरी गुपचूप थांबायचे, कारण त्यांच्या बुटांचीही तीच गत.

असल्या मैदानावर आमच्या सरांनी एकच विद्या शिकवली. बॉलच्या खाली पायाचा पंजा घालायचा आणि उचलायचा. "लोटू नको वो पोरी, उचल! कॅरम हाये का हे?" असं ते रेषेवरून ओरडायचे, आणि आम्ही उचलायचो. आमच्या सामन्यांत बॉल जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असायचा. बघणाऱ्यांच्या माना दुखायच्या.

मी मुळात फुटबॉलची नव्हेच, कबड्डीची. आमच्या नालवाडीत विहारामागच्या मोकळ्या जागेत आम्ही मुली संध्याकाळी कबड्डी खेळायचो, तेवढाच माझा खेळाचा इतिहास. कॉलेजात आल्या आल्या सरांना फुटबॉलच्या टीमसाठी अकरावी मुलगी सापडत नव्हती. ते शोधत शोधत विहारामागं आमच्या कबड्डीपाशी आले आणि मला म्हणाले, "तुले पडाची भीती नाई वाटत ना?"

"नाई सर."

"मंग चाल."

झालं माझं सिलेक्शन! वर्षभरात त्या खेळानं मला असं काही धरलं की कबड्डी कुठल्या कुठं गेली. मी मधल्या फळीत खेळू लागले. मधे उभं राहायचं, मागून बॉल घ्यायचा, पुढं द्यायचा, आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या. माझ्या तापट स्वभावाला ती जागा मस्त मानवली. पुढं विद्यापीठाच्या टीममध्ये आले, दुसऱ्या राज्यांत खेळून आले. तिथंच एका क्लबच्या कोच मॅडमनी मला पाहिलं, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी फोन आला. तीन आठवड्यांचं शिबिर. त्यातून काही मुली निवडणार, आणि निवडलेल्यांना सीझनभर पगार. खेळायचा पगार! मी फोन ठेवून अंगणात उड्या मारल्या.

आईनं नाही मारल्या.

आई सावंगीला एका दवाखान्यात आया आहे. दिवसभर "मावशी हे पुसा, मावशी ते आणा" ऐकते. सिस्टर लोक तिच्याशी वाईट वागतात असं नाही, उलट डबा वाटून खातात. पण मी सातवीत असल्यापासून तिनं एक गोष्ट ठरवून टाकली होती, मी सिस्टर व्हायचं. तिच्याच वॉर्डात. "मले मावशी म्हनणाऱ्या पोरी माह्या पोरीले सिस्टर म्हनतीन," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची आणि एकटीच हसायची. आता अशा स्वप्नावर राग कसा काढणार? मला एरवी कशाचाही राग येतो, याचा कधी आला नाही. तीच तर पंचाईत होती.

फोन आल्याच्या तिसऱ्या दिवशी ड्युटीला निघताना आई म्हणाली, "तीन हप्ते जाय. त्यायनं घेतलं तं घेतलं. नाई घेतलं तं वापस येजो अन् मुकाट्यानं नर्सिंगले बसजो. मंजूर?"

"मंजूर."

बाबा कारंजा घाडग्याला एका ढाब्यावर भट्टी सांभाळतात आणि आठवड्यातून एकदा घरी येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुह्या आईनं काय सांगतलं? तेच माहं."

क्लब दक्षिणेतला, समुद्राकाठचा. मैदान पाहिलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "बाप्पा!" हिरवंगार, सपाट, वर पाण्याचा शिडकावा केलेला. बाकी मुली धावत आत गेल्या. मी मात्र फाटकाजवळ काडी शोधत बसले, आणि सापडली तशी एका पायावर उभी राहून बूट खरवडू लागले. माझ्या खोलीतली मुलगी मणिपूरची होती, स्वभावानं शांत. ती थांबली. म्हणाली, "क्या निकाल रही हो?"

"मिट्टी."

तिनं वाकून माझ्या बुटाचा तळवा नीट पाहिला. कोरा करकरीत बूट! "कहाँ है?" तिनं अगदी मनापासून विचारलं. मी काडी फेकली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

हसू तेवढ्यापुरतंच. माझा पहिलाच पास पाच पावलांवरच्या मुलीच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या जाळीत अडकला. दुसराही तसाच गेला. कोच मॅडमनी शिट्टी वाजवली, "नीचे! नीचे खेलो!" त्या पहिल्या आठवड्यात मी माझ्या नावापेक्षा "नीचे" हा शब्द जास्त ऐकला. एकदा तर मी वैतागून मराठीतच बडबडले, "नीचे नीचे काय लावलं! मी काय बोअरवेल हाये?" नशीब, तिथं मराठी कोणाला कळत नव्हतं. पण संध्याकाळी खोलीत बसले की सावंगी डोळ्यांसमोर यायची. पाय सवयीनं बॉलखाली जाणार, मॅडम मला घरी पाठवणार, मी पुस्तकं घेऊन बसणार आणि आई खूश होणार. आईला खूश करायला हरावं लागणार! असलं त्रांगडं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मणिपूरची ती मला रोज नाश्त्यानंतर भिंतीजवळ नेऊ लागली. "पाँव बगल से," एवढंच म्हणायची. मी पायाच्या कडेनं ढकलायचा, तिनं थांबवायचा. पहिले काही दिवस नुसता तमाशा झाला. मग एका सकाळी बॉल गेला. सरळ, जमिनीला चिकटून, तापल्या तव्यावर तेल धावावं तसा. "अवो, गेला!" मी किंचाळले. इतकी वर्षं खेळून मी पहिल्यांदाच बॉल घरंगळताना बघत होते जणू. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलूनच घेतलं. ती म्हणाली, "मुझे नहीं, बॉल को भी नहीं. कुछ मत उठा."

शेवटच्या दिवशी आमच्याच दोन टीम करून सामना लावला. संध्याकाळी निकाल. मी सगळे पास खाली दिले, शिस्तीत, तोंडातून ब्र न काढता. सामना संपत आला असताना बॉल माझ्याकडं आला आणि समोर चारजणी भिंतीसारख्या उभ्या. त्यांच्यापलीकडं आमची फॉरवर्ड एकटीच धावत होती. मी काही ठरवलं नाही, खरंच नाही. पंजा आपोआप बॉलखाली गेला. बॉल चौघींच्या डोक्यांवरून जाऊन अलगद तिच्या पुढ्यात पडला, आणि तिनं गोल मारला.

सगळ्या तिच्याकडं धावल्या. मी मॅडमकडं धावले. "सॉरी मॅडम, आदत से हो गया."

"किसने सिखाया ये?"

"हमारे उधर बॉल लुढ़कता ही नहीं मॅडम."

त्या जी हसायला लागल्या! "मैंने नीचे सीखने को बोला था," त्या म्हणाल्या, "ऊपर वाला भूल जाने को कब बोला?" आणि तिथंच, घामेजलेल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून, "रुक रही है तू."

मी आईला फोन लावला. ती ड्युटीवर होती.

"आई, घेतलं त्यायनं."

पलीकडं नुसती स्ट्रेचरची चाकं वाजली. मला एकदम भीती वाटली. माझ्या दोन शब्दांनी तिचं इतक्या वर्षांचं ठरवलेलं मोडलं होतं. "आई?" मी म्हणाले.

ती माझ्याशी बोलतच नव्हती. ती ओरडत होती, "ओ सिस्टर! अवो सिस्टर! नाई येत माही पोरगी तुमच्यात! बॉलवाल्यायनं पास केलं तिले! पगारावर!" कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी गवतावर बसले आणि भोकाड पसरलं.

"काऊन रडून राह्यली?" आई फोनवर परत आली होती. "पगार देऊन राह्यले ना ते?"

"हो."

"मंग?" तिनं नाक ओढलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "बरं, तू खेळतं कुठी? पुढं का मांगं?"

"मधात, आई."

"मधात? मंग तं सगळ्याच धक्के मारत असतीन तुले."

"मारतात ना. मी बी मारते."

"मारजो," आई म्हणाली. "चांगला मारजो."